आपलं घरकुल आणि फार्महाऊसची खुर्ची

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत वाचून दाखवता येईल.)



कर्जत असो की खालापूर, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी सोमवारी सकाळी फार्महाऊसवर कामाला जातात. शनिवार-रविवारचे पाहुणे मुंबईला परतलेले असतात. चादरी धुवायच्या, लाद्या पुसायच्या, भांडी आवरायची, बागेतला कचरा गोळा करायचा. काम ठरलेलं. ह्या महिन्यात आम्ही काही गटांत जाऊन बसलो ते खरं तर बचतीच्या हिशोबाबद्दल बोलायला. पण चौकच्या बाजूची एक ताई मध्येच म्हणाली, "त्यांच्या हॉलमध्ये काहीच नाही बघा. एक लाकडी बाकडं, एक वेताची खुर्ची, खाली चटई. भिंत तर कोरी. तरी घर देखणं वाटतं. आमच्याकडे शोकेस आहे, सोफा आहे, कपाट आहे, दिवाण आहे, आणि पाय ठेवायला जागा नाही. हे कसं काय?"

दुसरी लगेच म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे जागा आहे म्हणून!" सगळ्या हसल्या. उत्तर खरं होतं, पण अर्धंच.

मग एक जण हळूच म्हणाली, "त्या भिंतीवर सूप टांगलंय. दिव्याला इरलं लावलंय. माझ्या सासूचं तसलंच इरलं मी मागच्या पावसाळ्यात चुलीत घातलं." ह्यावर कोणी हसलं नाही.

हिशोबाचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं. म्हणून आजचा विषय हा. घरात काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, आणि ज्याला आपण 'मॉडर्न फर्निचर' म्हणतो ते आलं कुठून.

आमचाही समज असाच होता की मॉडर्न म्हणजे पैसेवाल्यांचं. शोधायला गेलो तर गोष्ट जवळजवळ उलटी निघाली. कोरी भिंत, कमी सामान, साधी सरळ खुर्ची ह्या विचाराला जोर आला तो बंगल्यांमुळे नाही, कामगारांच्या लहान घरांमुळे. पहिलं महायुद्ध १९१८ ला संपलं तेव्हा जर्मनीत घरांची फार टंचाई होती. फ्रँकफुर्ट नावाच्या शहराने १९२५ नंतर कामगारांसाठी हजारो लहान घरं बांधायला काढली. आपल्या घरकुल योजनेसारखंच समजा. त्या कामात व्हिएन्नाची एक बाई होती, मार्गारेट शूटं-लिहोत्स्की. वय तिशीच्या आतलं. बायका वास्तुशिल्प शिकतच नसत त्या काळी ती शिकली. तिच्याकडे काम आलं स्वयंपाकघराचं.

जागा किती? सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब. तेवढ्यात सगळं बसवायचं. १९२६ साली तिने जे स्वयंपाकघर काढलं तशी सुमारे १०,००० घरांत बसवली गेली, आणि आज शहरातल्या फ्लॅटमध्ये 'मॉड्युलर किचन' म्हणून जे मिळतं त्याची ती आजी आहे.

तिने काय केलं ते नीट ऐका, कारण त्यातलं बरंच आपल्याला फुकटात घेता येतं. बाई स्वयंपाक करताना कुठून कुठे चालते, कितीदा वळते, कितीदा वाकते, ह्याचा विचार तिने आधी केला आणि सामान नंतर ठेवलं. आगगाडीच्या डब्यातल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात शेकडो माणसांचं जेवण कसं निघतं, तेही तिने पाहिलं. मग चिरायची फळी खिडकीखाली, उजेडात. त्या फळीला एक खाच आणि खाली खण, म्हणजे साली आणि देठं हाताने लोटली की खाली पडतात. बसून चिरता यावं म्हणून फिरतं स्टूल. तांदूळ, साखर, डाळीसाठी धातूचे छोटे खण, त्यांना पुढे चोच आणि मागे मूठ. खण काढायचा आणि थेट भांड्यात ओतायचं, झाकण-चमचा नको. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यात कीड धरत नाही असं मानत. इस्त्रीची फळी भिंतीला दुमडलेली. रंग निळसर, कारण निळ्यावर माशा बसत नाहीत असा तेव्हा समज होता. आणि बैठकीच्या खोलीत उघडणारं सरकतं दार, म्हणजे काम करता करता पोरांवर नजर राहते.

गंमत म्हणजे पुढे तिनेच सांगितलं होतं की हे स्वयंपाकघर काढलं तेव्हा तिने स्वतः कधी घर सांभाळलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता! आम्हाला हे वाचून आधी राग आला, मग हसू आलं. पण तिचं काम खरं होतं. पुढे ती हिटलरच्या विरोधात उभी राहिली, १९४१ ते १९४५ तुरुंगात होती, आणि तरी १०२ वर्षं जगली.

तिच्या स्वयंपाकघराला नंतर नावं ठेवणाऱ्याही बायकाच होत्या. त्यांचं म्हणणं, ह्या खोलीत एकच बाई मावते. म्हणजे बाई एकटी आत कोंडली आणि घर बाहेर बसलं. हे आम्हाला पटतं. आपल्याकडे भाकऱ्या थापताना सून, सासू आणि शेजारीण तिघी बोलत असतात; ते तोडायचं कशाला? पण एकटीने वीस वेळा उठबस करायची हेही काही आपलं थोर नाही. तेव्हा मार्गारेटबाईची खोली नको, तिची मोजण्याची सवय घेऊ या.

आम्ही ती घेऊन बघितली. कडावच्या बाजूला एका ताईचं नवं घरकुल आहे. सकाळी तिचा स्वयंपाक चालू असताना आमच्यातली एक जण वाटी आणि वाटाणे घेऊन कोपऱ्यात बसली. ताई ओटा सोडून कुठेही गेली की एक वाटाणा वाटीत. पिठाचा डबा दिवाणाखाली, तो ओढायला एक फेरी. पाण्याचा पिंप दाराबाहेर. मीठ-मसाला समोरच्या भिंतीवरच्या मांडणीत. उलथणं, चिमटा, झारा एका बादलीत, त्यामुळे एक हवं तर सगळी काढायची. भाकरी-भाजी होईपर्यंत वाटी भरून वाटाणे खाली सांडले. ताईचा नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, "एवढं चालतेस तू?" लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

मग दुपारी सगळ्यांनी मिळून पिठाचा डबा ओट्याखाली आणला, भिंतीला एक फळी ठोकली त्यावर मीठ-मसाला, तिच्याखाली खिळे आणि खिळ्यांना उलथणं-झारा. पाण्याची एक कळशी ओट्याच्या टोकाला. खर्च एका फळीचा आणि मूठभर खिळ्यांचा. दुसऱ्या दिवशी वाटी अर्धीही भरली नाही.

ओट्याचं एक राहिलं. गवंडी सगळ्यांना एकाच मापाचा ओटा बांधून देतो. बाई उंच असो की ठेंगणी. तुम्ही ओट्याजवळ सरळ उभ्या राहा, कोपर वाकवा. ओट्याची वरची कड कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवी. जास्त खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर खांदे. घरकुल अजून बांधायचं असेल त्यांनी गवंड्याला आधीच सांगावं. बांधून झालेला ओटा ठेंगणा असेल तर पोळपाटाखाली जाड फळी ठेवा, ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या.

आता बाहेरच्या खोलीकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. त्यातला ओटा-मोरी वजा करा. उरलेल्या जागेत आपण सोफा, दिवाण, शोकेस, लोखंडी कपाट आणि टीव्हीचं टेबल घालतो. मग झोपायला जागा नाही म्हणून थोरला मुलगा पडवीत आणि भाताची पोती डोक्याशी.

तुमच्या आजीच्या घराची बाहेरची खोली आठवा. तिथेही काहीच नसायचं! अंथरुणं गुंडाळून घडवंचीवर. पाट एकावर एक भिंतीला टेकवलेले. दिवा आणि हळद-कुंकू कोनाड्यात, म्हणजे भिंतीच्या जाडीतच. दूध-दही शिंक्यावर, अधांतरी, मांजराच्या वर. कपडे दांडीवर. बाज सकाळी उभी केली की खोली मोकळी, मग तिथेच धान्य निवडा, तिथेच पंगत बसवा, तिथेच हळद लावा. एक खोली दिवसातून चार कामं करायची, कारण सामान उचलून ठेवता यायचं. शहरातले वास्तुशिल्पी आज लाखो रुपये घेऊन हेच सांगतात की सामान हलतं हवं, जमीन मोकळी हवी, भिंतीचा उपयोग करावा. ती चौकची ताई ज्या हॉलकडे बघून हरखली, तो हॉल तिच्या आजीच्या माजघराची नक्कल आहे. फक्त त्यात पोती नाहीत.

म्हणजे सोफा विकून टाका असं आम्ही म्हणत नाही. आणि लोखंडी कपाटाबद्दल तर आम्ही मुळीच वाईट बोलणार नाही. कित्येक जणींच्या आयुष्यात स्वतःचं कुलूप आणि स्वतःची किल्ली असलेली ती पहिली जागा असते. ते राहू द्या. पण तो खिडकीच्या अंगावर उभा केला आहे का ते बघा. आम्ही गेलो त्या घरांत कितीतरी ठिकाणी तसंच होतं. दिवसा दिवा लावावा लागतो, ओल सुकत नाही, कपड्यांना बुरशीचा वास येतो, आणि म्हातारं माणूस खोकत राहतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घाम गाळतात. खिडकी मोकळी असणं ही शोभा नाही, औषध आहे. कपाट खिडकी नसलेल्या भिंतीला न्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा म्हणजे मागून वारा खेळेल.

नवीन सामान घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हप्त्यावर जो दिवाण किंवा टेबल मिळतं, ते पुष्कळदा लाकडाच्या भुशात डिंक घालून दाबलेल्या फळीचं असतं, वरून लाकडासारखा दिसणारा कागद किंवा सनमायका. कोरड्या शहरी खोलीत ते टिकतंही. पण त्याच्या कडेतून एकदा पाणी शिरलं की भुसा फुगतो, स्क्रू धरत नाही, आणि फुगलेलं परत बसत नाही. हप्ते चालू आणि दिवाण वाकडा, हे आम्ही पाहिलंय. घेताना खालची कड आणि मागची बाजू बघा. कच्ची कड उघडी दिसत असेल तर नको. आणि ज्याला वीतभर उंच पाय आहेत असंच सामान घ्या. खालून झाडू फिरला पाहिजे, लादी पुसता आली पाहिजे, विंचू-किरडू दिसलं पाहिजे. फार्महाऊसमधल्या खुर्च्या-टेबलांचे पाय बारीक आणि उघडे असतात ते का, ह्याचं उत्तर तिथे लादी पुसणारीला सगळ्यात आधी कळतं.

घरकुलाचं आणखी एक. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया ह्या वास्तुशिल्पींनी १९८० च्या दशकात एक वसाहत उभारली. लहान घरं, सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण, आणि कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. का? तर पैसे आले की ज्याला त्याला आपली खोली वाढवता यावी. पुढे तिथल्या लोकांनी इतकं वाढवलं की बरीच मूळ घरं आता ओळखूही येत नाहीत. कोणी म्हणेल योजना बिघडली, आम्हाला वाटतं ती चालली. तेव्हा घरकुल आखताना एका अंगाला पडवीची जागा सोडा आणि त्या बाजूला दार किंवा खिडकी आत्ताच ठेवा. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.

आता त्या इरल्याकडे येऊ, जे चुलीत गेलं.

शार्लोत पेरियाँ नावाची एक फ्रेंच बाई होती. १९२७ साली, चोवीस वर्षांची असताना, ती ल कॉर्ब्युझिए ह्या नावाजलेल्या वास्तुशिल्पीकडे काम मागायला गेली. त्याने सांगितलं, इथे उशांवर भरतकाम करत नाहीत. म्हणजे तुझं काम नाही इथे. पुढे तिने केलेली मांडणी एका प्रदर्शनात पाहिल्यावर त्याला तिला घ्यावं लागलं. तिथे तिने लोखंडी नळीच्या खुर्च्या केल्या. नळी कुठली, तर सायकलच्या हँडलसारखी वाकवलेली. त्याच सुमाराला जर्मनीतही मार्सेल ब्रॉयर नावाच्या माणसाने सायकलचं हँडल बघूनच पहिली नळीची खुर्ची केली होती, १९२५ साली. आपल्या लग्नमंडपात, शाळेत, पंचायतीत ज्या पाइपच्या खुर्च्या असतात त्यांचं मूळ हे.

१९४० साली जपान सरकारने पेरियाँबाईंना सल्ला द्यायला बोलावलं, की आमच्या कारागिरांनी परदेशात विकण्याजोगं काय करावं. त्यांनी युरोपची नक्कल करा असं सांगितलं नाही. गावोगाव हिंडल्या, बांबूचं काम बघितलं, आणि आपली लोखंडी आरामखुर्ची तिथे बांबूच्या पट्ट्यांची करून घेतली. बांबू वाकतो आणि परत सरळ होतो, तो स्प्रिंगसारखा गुण त्यांनी पकडला. बर्फाळ भागातले शेतकरी पाठीवर गवताचा विणलेला झगा घालायचे, पाऊस-बर्फापासून. ती वीण वापरून त्यांनी खुर्चीवरची गादी करून घेतली. १९४१ मध्ये टोकियोत ह्याचं प्रदर्शन भरलं.

पाठीवर घालायचा गवती झगा. आपलं इरलं काय वेगळं आहे? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, हल्ली प्लास्टिक. आवणीला वाकलेल्या बाईची डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठ झाकते, दोन्ही हात मोकळे, पुढून वारा लागतो म्हणून घाम येत नाही. छत्रीला एक हात जातो. रेनकोटात अंग उबतं. वाकून काम करणाऱ्या माणसासाठी ह्याहून सोयीची वस्तू आम्हाला तरी माहीत नाही. ती वापरणाऱ्यांनीच घडवली, पिढ्यान्‌पिढ्या.

असंच आपल्या तांब्याबद्दल झालं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन नवरा-बायको, खुर्च्या करण्यात जगप्रसिद्ध. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते आपल्याकडे फिरले आणि १९५८ मध्ये अहवाल दिला. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. भरल्यावर आणि रिकामा असताना हातात कसा तोलतो, पाणी कसं पडतं, आतून घासता येतो का, कमरेवर आणि डोक्यावर कसा बसतो, हे सगळं त्यात आहे म्हणाले. त्या अहवालावरून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला डिझाइनची राष्ट्रीय संस्था निघाली.

आणि आता खुर्चीची गोष्ट. पेरियाँबाईंच्या ऑफिसातले दोघं, तो ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनरे, १९५१ पासून चंदीगड शहर उभं करायला भारतात आले. जाँनरे तर पंधरा वर्षांच्या आसपास राहिला. नव्या शहरातल्या कचेऱ्या, कॉलेजं, वाचनालयं ह्यांना खुर्च्या-टेबलं हवी होती. इथलं सागवान, इथला वेत आणि इथले सुतार, एवढ्यावर त्यांनी ती करून घेतली. बाजूने बघितलं तर पाय कंपासासारखे, उलट्या व्हीसारखे. त्या कामात युली चौधरी ही भारतीय वास्तुशिल्पी बाईही होती. चाळीस-पन्नास वर्षांनी वेत फाटला, पाय डुगडुगायला लागले. सरकारी कचेऱ्यांनी नवं फर्निचर आणलं आणि जुन्या खुर्च्यांचे ढीग गच्चीवर, आवारात पडले. मग भंगार म्हणून लिलाव. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी ते ढीग उचलले, दुरुस्त केले, आणि परदेशात एकेक खुर्ची लाखांत विकली. जाग आली तेव्हा, २०११ मध्ये, केंद्राच्या गृहमंत्रालयाने ह्या वस्तू विकायला आणि परदेशी न्यायला मनाई केली. तोवर पुष्कळ गेल्या होत्या. फार्महाऊसमधली ती कंपासासारख्या पायांची वेताची खुर्ची बहुतेक तिचीच नक्कल असते.

हे आम्ही सांगितलं तेव्हा चौकची ताई गप्प झाली. मग म्हणाली, तिच्या घरची सागवानी घडवंची भंगारवाला मागतोय, बदल्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या देतो म्हणतो.

बायांनो, तुमची घडवंची लाखांत जाईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसं होत नाही. पण सागवान आज नवं घ्यायला गेलात तर काय भावाने मिळतं ते कुठल्याही वखारीत विचारून या, आणि मग दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांचा हिशोब करा. विकायचंच असेल तर वजनावर विकू नका. दोन ठिकाणी दाखवा, फोटो काढा, घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि विकायच्या आधी ती वस्तू वापरता येते का ते बघा. घडवंचीवर टीव्ही बसतो. शिंक्यात कांदे-लसूण राहतात, उंदीर पोचत नाही. कणगी फुटली असेल तर सारवून मुलांची दप्तरं-खेळणी ठेवता येतात. सगळंच जपायचं नाही. जातं आम्ही कोणाला परत ओढायला सांगणार नाही, धुराची चूल तर नाहीच. फार्महाऊसच्या पाहुण्यांना शेणाने सारवलेली जमीन फार आवडते. पण दर आठवड्याला ती सारवायला ते येत नाहीत, आपण जातो.

शेवटी कमाईचं बोलू, कारण बऱ्याच गटांनी तेच विचारलं. इरल्यासारखी, रोवळीसारखी बांबूची कामं आपल्याकडच्या काही ताई-मावश्यांना येतात. त्यांच्याकडून दिव्याची झाकणं, फळांच्या परड्या, पडदे करून घेतले तर विकतील का? विकतील. पण दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली, कीड. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, त्यावर बारीक भुंगा येतो आणि सहा महिन्यांत खाली पिवळी पूड पडते. गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून बांबू तीन वर्षांपेक्षा जुना घ्यायचा, पावसाळा सरल्यावर थंडीत तोडायचा, दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे पिष्ट निघून जातं, आणि सावलीत वाळवायचा. शोभेच्या वस्तूंसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात, ते जास्त टिकतं. पण सूप, रोवळी, ज्यात धान्य किंवा खाणं जातं, त्याला हे औषध लावायचं नाही. बांबू स्वतःच्या बांधावरचा असेल तर २०१७ च्या कायदेबदलानंतर तो 'झाड' धरला जात नाही, त्यामुळे तोडीचा त्रास कमी झाला आहे. जंगलातला असेल तर गावाच्या वनहक्काची स्थिती काय आहे ते ग्रामसभेत आधी विचारा.

दुसरी फसगत, भाव. एका गटाला एका घरमालकाने वीस दिव्यांची झाकणं करायला सांगितली. झाली. मग म्हणाला, बाजारात टोपली केवढ्याला मिळते मला माहीत आहे, तेवढेच देईन. बायकांनी दिली, कारण वीस झाकणं घेऊन जाणार कुठे? ही चूक त्यांची नव्हती, पण पुन्हा व्हायला नको. टोपलीचा भाव हा दिव्याचा भाव नाही. बांबू, त्याची ने-आण, जितके दिवस लागले तितक्या दिवसांची मजुरी, बिघडलेला माल, आणि गटाच्या डब्यात टाकायचे पैसे, एवढं धरून जो आकडा येतो त्याच्या खाली उतरायचं नाही. रोजगार हमीवर दिवसाला जेवढी मजुरी मिळते त्याहून कमी आपल्या कसबाला धरू नका. अर्धे पैसे आधी घ्या. एक नमुना करून दाखवा, तो पसंत पडल्यावरच बाकीचे. आणि कागदावर लिहून घ्या, भलेही माणूस ओळखीचा असो. ओळखीचा असेल तर नक्कीच घ्या.

नमुना करताना फार्महाऊसमध्ये जे बघता त्याचा उपयोग करा. तिथे दिव्याचं झाकण छतापासून किती खाली टांगलंय, भोक केवढं आहे, बल्ब आणि बांबूमध्ये अंतर किती, रंग दिलाय की नुसतं तेल. मोजायला वीत पुरते. बल्ब एलईडीचाच लावा असं गिऱ्हाईकाला सांगा, जुन्या पिवळ्या बल्बने बांबू तापतो. फोटो काढायचा असेल तर मालकिणीला विचारून काढा. बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत, उलट ह्यात तुम्हाला रस आहे हे बघून बोलायला लागतात.

पुढच्या बुधवारी दुपारी अडीच वाजता ह्याच विषयावर गटांशी गप्पा आहेत. येताना दोन गोष्टी करून या. एका सकाळी वाटी आणि वाटाण्यांचा हिशोब, कोणाच्या तरी घरात. आणि माळ्यावरची किंवा गोठ्यातली एक जुनी वस्तू खाली काढून, पुसून, तिच्यावर कुठे झीज झाली आहे ते बघून या. हात जिथे लागतो तिथेच झीज होते, त्यावरून ती कशी धरायची होती ते कळतं.

चौकच्या ताईने घडवंची द्यायची नाही असं भंगारवाल्याला सांगितलंय. बुधवारी ती घेऊन येते म्हणाली. रिक्षात मावत नाही, म्हणून दिराचा टेम्पो बघतेय. टेम्पो त्या वेळी कर्जतला भाजी घेऊन जात असेल तर आपणच दोघी-तिघी जाऊन उचलून आणू.